वांगं म्हणजे किती, जाऊबाई?

जाऊबाई, कालपासून मी नुसती बसून आहे. सकाळी अंगणवाडीत जाऊन आले, पोरांना खिचडी वाढली, घरी येऊन पाय धुतले आणि बसले ती बसलेच. स्वयंपाक यांनी केला. तुमची तेरवी झाली, पाहुणे पांगले, इंझोरीचं घर आवरून झालं. आता मला कुठे जायचं नाही, कोणाला कुशीवर वळवायचं नाही, कोणाची चादर बदलायची नाही. तरी हात आपोआप तुमच्या पाठीखाली जायला बघतात. असला थकवा झोपून जात नाही. कोणाशी तरी बोलावं असं वाटलं, तर तुम्हीच आठवलात. शेवटचे महिने मी बोलायचे आणि तुम्ही ऐकायचात. तसंच समजा.

तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. हाताला चव होती, कोणाला उणंदुणं बोलल्या नाहीत, भाऊजी गेल्यावर गोठा आणि वावर एकटीने सांभाळलं. सगळं खरंच आहे. पण आपल्या दोघींची जी बोली होती, तिचं नाव कोणी काढलं नाही. कोणाला ठाऊकच नव्हती ती. सासूबाई सोडून, आणि त्यांना जाऊनही वर्षं झाली.

मी लग्न होऊन आले तेव्हा आपल्या घरात पैशाला खूप नावं होती आणि ती सगळी पुरुषांची होती. सासरे गावातल्या हनीफभाईंच्या दुकानातून आले की म्हणायचे, "आज पत्ती कमी पडली." भाऊजी कारंज्याला कापूस घालून आले की दलालांच्या पेट्यांच्या गोष्टी सांगायचे. पेटी म्हणजे लाख रुपये हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी खरोखरची लोखंडी पेटी डोळ्यांपुढे आणत होते. हिरवी पत्ती, गांधीबाबा, कडक नोट, असे शब्द जेवताना या ताटावरून त्या ताटावर जायचे आणि आपण भाकरी वाढायचो. सासूबाईंचा पैसा लुगड्याच्या कनवटीत असायचा. त्या त्याला कल्दार म्हणायच्या, कागदाची नोट असली तरी कल्दारच. आपल्या दोघींकडे पैसाच नव्हता, त्यामुळे त्याला नाव असण्याचाही प्रश्न नव्हता.

पहिल्याच वर्षी तूर सोंगून नेल्यावर तुम्ही मला वावरात घेऊन गेलात. गळून पडलेल्या शेंगा वेचायच्या, तो सरवा, तो घरातल्या बायांचा. माझी पाठ मोडली होती आणि तुम्ही पुढच्या तासात गाणं म्हणत होता. ती तूर तुम्ही हनीफभाईंच्या दुकानात घातली. संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणालात, "रेखा, आज एक वांगं निघालं बरं."

सासूबाई समोर लसूण सोलत होत्या. मी उठले आणि टोपलीत बघितलं. टोपलीत नुसते कांदे.

"वांगं त नाई इथं," मी म्हटलं.

तुम्ही तोंडात पदर कोंबला. खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलात, आणि मी वेड्यासारखी फडताळात, माठामागे वांगं शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी धुणं धुताना तुम्ही विचारलंत, "पन्नासची नोट पाह्यली काय वं कधी नीट?"

"पाह्यली न."

"कोनत्या रंगाची हाय?"

"जांभळी."

"मंग वांगं नाई त काय मिरची म्हनू तिले?"

तिथेच, ओल्या कपड्यांच्या ढिगापाशी, तुम्ही मला सगळी भाजी शिकवलीत. विसाची नोट तांबूस, म्हणून गाजर. शंभराची हिरवट-निळी, ती मेथी. आणि पाचशेची कारलं. ते रंगावरून नव्हतंच. "मोडताना तोंड कडू होते म्हून कारलं," असं तुम्ही म्हणालात. तुम्ही तोवर कारलं एकदाच हातात धरलं होतं, तेही माहेरच्यांनी तुमच्या प्रशांतच्या बारशाला दिलेलं.

मग ते आपलं रोजचंच झालं. "मेथी सुकून राह्यली" म्हणजे शंभराची नोट नुसती ठेवलेली आहे, काहीतरी घेऊन टाकू. "गाजर कुरतडलं" म्हणजे वीस मोडले. "आज भाजीच नाई वं" म्हणजे तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. पुरुष ओसरीवर बसलेले असायचे, सासूबाई मधल्या खोलीत, आणि आपण चुलीपुढे बसून उघड उघड पैशाच्या गोष्टी करायचो. एवढी मजा मला माहेरीही कधी आली नव्हती. त्या भाजीतून तुमचा चष्मा झाला. माझ्या पोरीचे बूट झाले. एकदा कारंज्याला देवदर्शनाच्या नावाखाली आपण दोघींनी उसाचा रस पिऊन बांगड्या भरल्या, तेही त्यातूनच.

माझं शिक्षण दहावीनंतर सुटलेलं. बाहेरून बारावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, हे मला माहेरच्या मैत्रिणीने सांगितलं आणि मी ते तुम्हाला सहज बोलले. तुम्ही गोठ्यात शेण काढत होता, काढत राहिलात. दोन दिवसांनी माझ्या हातात घडी घातलेली पाचशेची नोट ठेवलीत.

"जाऊबाई, कारलं काहून मोडता?"

"मंग त्याचं काय लोनचं घालू?"

"मी नापास झाले त?"

"त फिरून बसजो. पन सांगतो तुले, नापास झालीस त मी तुले खरंखरं कारलं खाऊ घालीन. रोज. बिनागुळाचं."

मी पास झाले. त्या बारावीवर अंगणवाडीची नोकरी लागली, तिच्यावर आमचा कारंज्यातला संसार उभा राहिला. तुमच्यापुढे मी कधी याचे आभार मानले नाहीत. मानायला गेले असते तर तुम्ही "जाय वं, काम कर" म्हणाला असता. आता म्हणा तसं. ऐकायला बरं वाटेल.

सासूबाईंचा तो बाजारचा दिवस आठवतो? त्या पायरीवर बसून चपला घालत होत्या. आपण दोघी आत. त्यांनी वळून न बघताच हाक मारली, "अवं, तुमच्याइकडचं वांगं कोनाच्या डब्यात हाय? एखादं द्या मले. बांगड्या भराच्या हायेत, अन् म्हाताऱ्याले मांगाव नाई वाटत."

तुमच्या हातातली पळी पडली. आपण एकमेकींकडे बघितलं. शेवटी तुम्हीच डब्यातून पन्नासची नोट काढून त्यांच्या हातात दिलीत. त्यांनी ती कनवटीला लावली आणि उठता उठता म्हणाल्या, "कल्दार चांगला लपवला पोरीहो. अजून खोल लपवत जा." किती वर्षं त्यांना ठाऊक होतं, कोण जाणे. त्यांनी ते मरेपर्यंत सासऱ्यांना सांगितलं नाही.

मग यांना कारंज्यात कापडाच्या दुकानात काम मिळालं आणि आम्ही निघून आलो. भाजी फोनवर सुरू झाली. मग एके दिवशी जुन्या पाचशेच्या नोटा चालेनाशा झाल्या. तुम्ही डब्यातली कारली काढून भाऊजींपुढे ठेवलीत आणि म्हणालात, "हे माह्ये हायेत. बदलून आना." त्यांनी मुकाट्याने आणले. एवढ्या वर्षांत तुम्ही पैशाला उघडपणे माझे म्हणालात ते तेव्हा पहिल्यांदा. मला फोनवर सांगताना तुमचा आवाज कसा ताठ झाला होता!

हळूहळू बाकीच्या नोटांचेही रंग बदलले आणि आपलं भांडण सुरू झालं. पन्नासची निळी झाली. शंभराची जांभळी झाली. मी तुम्हाला लगेच फोन लावला.

"जाऊबाई, आता वांगं म्हंजे शंभर बरं."

"काहून? वांगं म्हंजे पन्नास."

"अवो, पन्नासची निळी झाली न. निळं वांगं असते काय?"

"मानसानं सदरा बदलला त त्याचं नाव बदलते काय?"

"मंग या जांभळ्या शंभराले काय म्हनाचं?"

"मेथी."

"जांभळी मेथी?"

"असू दे जांभळी. तुले काय भाजी कराची हाय काय तिची?"

यावर आपण किती वर्षं भांडलो! माझ्या पोरीला तुमच्याकडून ओवाळणी घालायला तुम्ही फोनवर दोन वांगी सांगितलीत, तर मी शंभराच्या दोन घातल्या, आणि दिवाळीभर तुम्ही मला "शहरातली खर्चिक बाई" म्हणत होता. तुम्ही ऐकेनात आणि मीही ऐकेना. खरं म्हणजे तोवर भांडायला तेवढंच उरलं होतं. प्रशांतने घरचा सगळा व्यवहार फोनवर नेला. दूध, किराणा, मजुरी, सगळं बोटाने. माझी पोरगीही "आई, टाक न" एवढंच म्हणते, आणि पैसे इकडून तिकडे जातात, कोणाच्या हाताला लागत नाहीत. नोटच दिसेना तर तिला नाव कोण ठेवणार?

तुम्हाला लकवा मारला तेव्हा भाऊजी हयात नव्हते. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच प्रशांतचा फोन आला. तो थकलेला होता, चिडलेलाही.

"काकू, आई दिवसभर वांगं वांगं करून राह्यली. दुसरा शब्दच नाई तोंडात. सोनालीनं भरलं वांगं केलं, भाजलेलं केलं, मऊ शिजवून भातात कालवून देल्लं. हातानं लोटून देते. सोनाली रडून राह्यली."

मी दुपारच्या गाडीने आले. सोनाली दारातच उभी होती. लग्नाला वर्ष होत आलेलं, अजून सासूची नीट ओळख झाली नव्हती आणि अंगावर हे पडलेलं. तिच्या साडीवर वांग्याचा डाग होता. "काकू, त्यायले माह्या हातचं चालत नाई," ती म्हणाली, आणि मान फिरवली.

तुम्ही मला बघितलंत आणि डाव्या हाताने खाट थोपटलीत. "वांगं," म्हणालात. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, पण शब्द स्वच्छ.

मी पर्समधून नोटा काढल्या. पन्नासची निळी एका हातात धरली, शंभराची जांभळी दुसऱ्या हातात. प्रशांत माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "जाऊबाई, आता सांगा. कोनतं वांगं?"

तुम्ही या नोटेकडे बघितलंत, त्या नोटेकडे बघितलंत, आणि मग चालत्या अर्ध्या तोंडाने हसलात. दवाखान्यातून आल्यापासून तुम्ही हसलाच नव्हता, असं प्रशांत नंतर म्हणाला. मग डावा हात पुढे करून तुम्ही दोन्ही नोटा घेतल्यात. भांडण होतं तिथेच राहिलं.

मला वाटलं, तुम्हाला उशाशी पैसा हवा असेल. बाईला असतो तेवढा आधार. पण तुम्ही सोनालीकडे बघून हात हलवलात. ती भीत भीत आली. तुम्ही तिचा हात ओढून घेतलात, नोटा तिच्या तळहातावर ठेवल्यात आणि तुमच्या एकाच हाताने तिची बोटं एकेक करून मिटवलीत. किती वेळ लागला तुम्हाला! "वांगं," म्हणालात. परत एकदा, "वांगं."

तिला काही कळेना. मग मी तिला सगळं सांगितलं, तिथेच खाटेपाशी बसून. सरवा, चूल, सासूबाईंच्या बांगड्या. ही बाई तुझ्या हातचं जेवण लोटत नव्हती, पोरी. तू हिचं हागणंमुतणं काढतेस आणि हिच्याजवळ तुझ्या हातावर ठेवायला काही नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. सोनाली खाली बसली आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडली. प्रशांत बाहेर निघून गेला. मीही बरीच रडले असते, पण चादर ओली झालेली मला दिसली आणि मी ती बदलायला घेतली.

त्यानंतर दर आठवड्याला मी येताना नोटा आणायचे. बँकेच्या मशीनमधून नुसती पाचशेची निघते, म्हणून तुमच्याकडे यायच्या आधी हनीफभाईंच्या दुकानात उभी राहायचे. त्यांनी एकदा विचारलं, "बाई, आजकल छुट्टे कौन मांगता है? काय करता एवढ्या नोटा?" मी म्हटलं, जाऊबाईंना लागतात. तेव्हापासून ते गल्ल्यातल्या बऱ्यातल्या बऱ्या नोटा निवडून माझ्यासाठी बाजूला ठेवायला लागले. "भाभी के हाथ में कडक पत्ती होनी," म्हणायचे. तुम्ही त्या वाटून टाकायचात. सोनालीला, सुई द्यायला येणाऱ्या नर्सबाईला, भेटायला आलेल्या भाच्यांच्या बायकांना. फक्त बायांनाच. प्रशांतने एकदा गमतीने हात पुढे केला, तर तुम्ही त्यावर चापट मारलीत.

मी दमत होते, जाऊबाई. अंगणवाडी, गाडी, तुमचं अंग पुसणं, पाठीला पावडर लावणं, परत गाडी. माझे गुडघे बोलायला लागले होते. गाडीची वाट बघत उभी असताना वाटायचं, या आठवड्यात नको जायला. मग जायचेच. तुम्ही नोटा हातात घेताना जशा बघायचात ना, आधी नोटेकडे आणि मग माझ्याकडे, त्यासाठी जायचे.

शेवटच्या भेटीत तुम्ही वेगळाच शब्द काढलात. "कारलं."

मी पाचशेची नोट काढली. तुम्ही मान हलवलीत. "कारलं." मी शंभराच्या पाच काढून मांडल्या. तुम्ही त्या लोटून दिल्यात. मला वाटलं माझ्या बारावीचं काही असेल, मी ते बोलले. वाटलं जुन्या, बाद झालेल्या नोटा कुठे ठेवल्यात की काय, तेही विचारलं. तुम्ही वैतागून डोळे मिटलेत आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी हरले. आपली बोली मला येते म्हणून मी किती मिरवत होते, आणि आता मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात सोनाली आतून वाटी घेऊन आली. कारल्याच्या काचऱ्या, कुरकुरीत तळलेल्या, वरून थोडं मीठ.

"काकू, त्यायले खायाचं हाय," ती म्हणाली. "काल शेजारच्या घरून वास आला तवापासून म्हनून राह्यल्या. मी सकाळीच कारले आनले."

तिने काचरी बोटांनी बारीक चुरून तुमच्या जिभेवर ठेवली. तुम्ही डोळे मिटून चघळलीत. मग तोंड उघडलंत, आणखी एक. सोनाली हसत होती. मी नोटा गोळा करून पर्समध्ये टाकत होते आणि मला थोडा हेवा वाटला, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. तुमचं बोलणं समजणारी आता घरातच कोणीतरी होती. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. सकाळी सोनाली वेणी घालत असताना, तिच्या हातात मान टाकून. ती सांगते की आधी तिला कळलंच नाही, ती वेणी पूर्ण घालत राहिली.

तेरवीनंतर परतताना गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी किन्हीराजाकडची एक बाई बसली होती, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. माझे सुजलेले डोळे बघून तिने विचारलं, "कोन वारलं बाई?"

"जाऊ."

"लहान का मोठी?"

"मोठी."

तिने मांडीवरची पिशवी सावरली. मग अगदी चांगल्या मनाने, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मंग आता घरात तुमीच मोठ्या."

मी हो म्हटलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मला मोठं व्हायचं नव्हतं, जाऊबाई. अजून दोनचार वर्षं मला तुमच्यामागून चालायचं होतं.